सव्वातीन किलो संपलेले सेल

या वर्षी जिन्याखालच्या फळ्यावर फोटो माझाच लागणार होता, त्यात तिळमात्र शंका नव्हती. वर्षभर तिथे समोरच्या मेरुएर्तचा होता. जाता-येता तिची बत्तिशी बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. का, तर बाईंनी संपलेले सेल कचऱ्यात टाकून जमिनीत विष कालवलं नाही, इमारतीत सगळ्यांत जास्त जमवून दिले. मोठी आली शहाणी!

मी सव्वातीन किलो जमवले. भाच्यांची खेळणी, नणंदेची विजेरी, काही सोडलं नाही. तरी धाकधूक होतीच, म्हणून रिमोटचे दोन आणि भिंतीवरच्या घड्याळाचा एक काढला. संपले नव्हते, पण कधीतरी संपणारच होते ना. बाकीच्यांच्या टोकांना नियमाप्रमाणे चिकटपट्टी लावलेली, या तिन्हींची घाईत राहिली. पिशवी दाराशी ठेवली.

नेमकं त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मेरुएर्तला चहाला बोलावलं. निघताना पाहुण्याला टेबलावरचा खाऊ बांधून द्यायचा, त्याला आम्ही सार्कित म्हणतो. सासूबाईंनी तो तसल्याच पिशवीत बांधला आणि दाराशी ठेवला. माझ्या पिशवीशेजारी.

सकाळी पिशवी हलकी लागली. मला वाटलं, आनंदाने अंगात बळ आलंय.

खाली वजनवाल्या काकांनी ती उघडली. आत बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि जर्दाळू. काकांनी एक बाउरसाक तोंडात टाकला.

"मऊ झालेत हो. पण हे आम्ही घेत नाही."

मागून मेरुएर्त आली, दोन पिशव्या घेऊन. "एक तुझ्या सासूबाईंची. मी सेल जमवते म्हणून सार्कितात सेलच दिले बघ. केवढं मन!"

मी धावत वर गेले. "आई, ते माझे होते. मागून घ्या ना!"

"दिलेलं सार्कित मागायचं? लोक शेण घालतील तोंडात."

संध्याकाळी मेरुएर्त पिशवी परत द्यायला आली. रिकामी कशी देणार? "आत तीन सेल आहेत. चिकटपट्टी नव्हती म्हणून रिमोटमध्ये घालून पाहिले. चांगले चालतात की."

सासूबाईंनी बंद घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेजारीण असावी तर अशी. आपलं घड्याळ बंद पडलंय, हेही तिला कळलं."

मी सेल बसवले.

फळ्यावर आता दोघींचा फोटो आहे, मेरुएर्तचा आणि सासूबाईंचा. छान आलाय. मीच काढला.