शंभरावा दिवस आणि आठ नंबरचे आजोबा

मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डात पंच्याण्णव दिवसांत कोणी पडलं नव्हतं. तसा फळाच दाराशी टांगलेला होता. ‘या वॉर्डात कोणीही न पडता गेलेले दिवस’ असं त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली खडूने आकडा. रोज सकाळी त्या स्वतःच्या हाताने आकडा बदलायच्या आणि दोन पावलं मागे सरून बघायच्या. शंभर झाले की हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर वॉर्ड बघायला येणार होते आणि सिस्टरांची पद्धत सगळ्या मजल्यांवर सुरू करणार होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांना ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारायला कोणी आलं नव्हतं. आता येणार होतं, त्यामुळे त्यांचा जीव त्या आकड्यात अडकला होता.

पद्धत साधी होती. ज्याला पडण्याची भीती त्याला पिवळे मोजे. पिवळे मोजे चालताना दिसले की ज्याने पाहिलं त्याने हातातलं काम टाकून धरायला धावायचं. दर तासाला फेरी. पाणी हवंय का, बाथरूमला जायचंय का, चष्मा हाताशी आहे का? “माणूस उगीच उठत नाही,” सिस्टर सांगायच्या, “त्याला काहीतरी हवं असतं. ते काय, हे आपण त्याच्या आधी शोधायचं.” आणि नातेवाइकांपैकी कोणी “पडले नाहीत हो, नुसते बसले,” म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “बूड जमिनीला टेकलं आणि टेकायचं ठरवलेलं नव्हतं, म्हणजे पडलं. बसले-बिसले काही नाही.”

पंच्याण्णवाव्या दिवशी आठ नंबरच्या खाटेवर आजोबा आले. वय एक्क्याऐंशी, तापाने पाय पार गळून गेलेले. शिकाऊ डॉक्टरांनी फॉर्म भरला. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी ‘निवृत्त’ असं लिहिलं. या वयाला दुसरं काय लिहिणार? आजोबांना पिवळे मोजे मिळाले, उशाशी बेल मिळाली, ती कशी वाजवायची हे तीनदा दाखवून झालं.

दुपारी आजोबा बेल न वाजवता उठले, खाटांना धरत धरत बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. आत गेलेच नाहीत. नवी सिस्टर धावली.

“आजोबा, बाथरूमला जायचं होतं का?”

“नाही.”

“मग?”

“बघायचं होतं.”

“काय?”

“अजून नक्की नाही. नक्की झालं की सांगतो.”

दुसऱ्या दिवशी आजोबा दाराची चौकट धरून खाली वाकले होते आणि चहाच्या चमच्याने जमिनीवर टकटक करत होते. टकटक, मग कान देऊन ऐकणं, मग पुन्हा टकटक. नव्या सिस्टरने त्यांना उचलूनच आणलं. मोठ्या सिस्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांना कुतूहल वाटलं. त्यांनी खिशातली डायरी काढली आणि आजोबांच्या उठण्याच्या वेळा टिपायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. लादी पुसून झाली की आजोबा उठतात! का उठतात, याचा मात्र पत्ता लागेना. लादी पुसणाऱ्या मावशींशी काही वाकडं आहे का म्हणून मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “छे हो! फार चांगले आहेत. पाणी कुठे साचतं ते विचारत होते.” सिस्टरांनी डायरीत ‘पाण्याची आवड?’ असं लिहून पुढे दोन प्रश्नचिन्हं काढली.

सत्त्याण्णवाव्या दिवशी आजोबांचं नक्की झालं. राउंडला आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी जवळ बोलावलं.

“डॉक्टर, त्या दारातली फरशी हलतेय.”

“अस्सं. कधीपासून हलतेय?”

“मी आलो तेव्हापासून. रोज थोडी जास्त.”

“आणि खाट? खाट हलते?”

“खाट कशाला हलेल?”

“भिंती?”

“भिंती चांगल्या आहेत. काम बरं आहे भिंतीचं.”

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं, ‘चक्कर, वाढत चाललेली. भिंतींबद्दल तक्रार नाही.’ दुपारी कानाचे डॉक्टर आले आणि कानात डोकावून गेले. चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी आजोबांना अशी गुंगी आली की संध्याकाळी खरोखरच खाट हलायला लागली. तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग गोळी दुप्पट झाली आणि गादीखाली गजर बसवला गेला. आजोबांनी कूस बदलली तरी तो केकाटायचा.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सिस्टरांनी आजोबांच्या लेकीला बाजूला घेतलं.

“घरीपण असे जमिनीवर टकटक करतात का हो?”

“करतात की. कुणाच्याही घरी गेले की आधी जमीन ठोकून बघतात. आम्हाला लाज वाटते, पण बाबांची जुनी सवय आहे.”

‘जुनी सवय’, सिस्टरांनी लिहून घेतलं आणि समाधानाने डायरी मिटली. सवय लागली कशी, एवढंच विचारायचं राहिलं. वर खबरदारी म्हणून त्यांनी बाथरूमच्या दारात एक जाड रबरी चटई अंथरली. आता आजोबांना ठोकायला जमीनच उरली नाही.

नव्व्याण्णवाव्या दिवशी आजोबा चटईचा कोपरा उचलून बघताना सापडले. सिस्टर त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. आवाज एकदम मऊ झाला होता.

“आजोबा, हात जोडते तुमच्यापुढे. उद्याचा एक दिवस. उद्या शंभर होतात. मी आयुष्यात कधी काही मिरवलं नाही, उद्या एकदाच मिरवणार आहे. उद्या बेल वाजवल्याशिवाय उठायचं नाही. शब्द द्या.”

“दिला. पण बाई, त्या चटईच्या डाव्या कोपऱ्यावर कुणी—”

“चटईला कुणी हात लावणार नाही, मी बघते,” असं म्हणत सिस्टर वाजणाऱ्या फोनकडे गेल्यासुद्धा.

शंभराव्या दिवशी सकाळी अकराला मोठे डॉक्टर आले. बरोबर इतर मजल्यांवरच्या सात-आठ सिस्टर वह्या घेऊन. मोठ्या सिस्टरांनी फळा दाखवला, मोजे दाखवले, फेरीचा कागद दाखवला. आजोबा शब्द पाळून आडवे होते. पण सगळा लवाजमा बाथरूमच्या दिशेने निघाला आणि आजोबांनी बेलवर अंगठा दाबून धरला.

“बघा सर!” नव्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणीच आलं. “पाच दिवस बेलला हात लावत नव्हते. आज आपण होऊन वाजवतायत!”

सगळ्यांनी आजोबांकडे कौतुकाने पाहिलं. इतर मजल्यांच्या सिस्टरांनी वहीत नोंद केली. आजोबा मान हलवून “नाही, नाही” म्हणत होते. तो त्यांचा विनय समजला गेला.

“आणि ही चटई,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “दारात पाय घसरू नये म्हणून खास—” मोठ्या डॉक्टरांना नीट दिसावं म्हणून त्या बाजूला झाल्या. डाव्या बाजूला. चटईचा कोपरा खचला, दुसरा कोपरा वर आला आणि पुढच्याच क्षणी मोठ्या सिस्टर जमिनीवर होत्या.

बेल थांबली.

“मी पडले नाही,” सिस्टर खालूनच म्हणाल्या. “बसले.”

“हो हो, बसल्याच,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“मलाही बसल्यासारखंच वाटलं,” शिकाऊ डॉक्टरांनी दुजोरा दिला.

आठ नंबरवरून आवाज आला. त्यात टोमणा नव्हता, खरी चौकशी होती. “टेकायचं ठरवलं होतं का, बाई?”

सिस्टरांनी एकदा दाराशी टांगलेल्या फळ्याकडे बघितलं. तिथला शंभरचा आकडा आज त्यांनी जरा मोठाच काढला होता.

“नव्हतं,” त्या म्हणाल्या.

चटई उचलली तर खाली एक फरशी डब्याच्या झाकणासारखी तिरकी उभी होती आणि तिच्या खालचं सगळं पाण्याने वाहून गेलं होतं.

“चाळीस वर्षं फरश्या बसवल्या मी,” आजोबा म्हणाले. “पहिल्याच दिवशी कोपरा पोकळ वाटला. ठोकल्यावर नक्की झालं.”

“अहो, मग सांगायचं नाही का?” मोठे डॉक्टर म्हणाले.

“सांगितलं की. तेव्हा गोळ्या मिळाल्या.”

शिकाऊ डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. मोठ्या सिस्टरांनी डस्टर मागितलं. नवी सिस्टर रडवेली झाली. “पण तो आकडा पेशंटसाठी आहे ना?”

“‘कोणीही’ लिहिलंय. अक्षर माझंच आहे.” दोन सिस्टरांच्या खांद्यांवर हात टाकून त्या लंगडत फळ्यापर्यंत गेल्या, शंभर पुसले आणि शून्य काढलं. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “सर, पद्धत बाकीच्या मजल्यांवर न्यायची असेल तर न्या. पण फॉर्मवर ‘निवृत्त’ लिहायला बंदी घाला. आधी काय करत होता, ते लिहायचं.” मोठ्या डॉक्टरांनी सात-आठ सिस्टरांकडे पाहिलं. त्या केव्हाच लिहीत होत्या.

सिस्टरांचा घोटा चांगलाच सुजला होता. एक्स-रेचा नंबर लागेपर्यंत त्यांना नऊ नंबरच्या खाटेवर झोपवलं आणि नियमाप्रमाणे नव्या सिस्टरने त्यांच्या पायांत पिवळे मोजे चढवले. आजोबांच्या गोळ्या बंद झाल्या, गादीखालचा गजर काढला गेला आणि तो तसाच शेजारच्या गादीखाली गेला.

दुपारी गवंडी आला. बाथरूमच्या दारातून ठाकठोक ऐकू यायला लागली. थोडा वेळ सिस्टर छताकडे बघत पडून राहिल्या. मग त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, हळूच एक पाय खाली सोडला, मग दुसरा. गजर केकाटला आणि त्याच वेळी आठ नंबरची बेल वाजली.

“नऊ नंबर उठतायत,” आजोबांनी सांगितलं. “काय हवंय विचारा त्यांना.”

नवी सिस्टर धावत आली. “काय हवंय, सिस्टर? पाणी? बाथरूम?”

“काही नको.”

“मग?”

मोठ्या सिस्टरांनी बाथरूमच्या दाराकडे मान उंचावली.

“बघायचं होतं.”