पत्र्यांऐवजी आलेला शब्द

एखाद्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतानाही माणूस जन्मभर तो अर्थ जगत राहतो, ही अनागोंदी कोणत्याही सुधारलेल्या सरकारला चालण्यासारखी नाही. आमच्या टोंगातल्या या लहानशा बेटावर मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालू होती.

फेब्रुवारीतल्या चक्रीवादळात दवाखान्याचं छप्पर समुद्रात गेलं. (समुद्राला त्याची गरज नव्हती.) आम्ही नुकुआलोफाला कळवलं, पत्रे पाठवा. राजधानीने तातडीने दखल घेतली आणि बोटीने गॅव्हिन नावाच्या एका साहेबांना पाठवलं. त्यांच्याबरोबर पत्रे नव्हते. एक इंग्रजी शब्द होता, ‘रेझिलियन्ट’. पत्रे गंजतात, शब्द गंजत नाही. राजधानीची दूरदृष्टी ती हीच.

मी इथला शाळामास्तर, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. वर्ग चर्चमध्ये भरला, कारण तिथे छप्पर होतं.

“रेझिलियन्ट म्हणजे,” साहेब म्हणाले, “जो पडला तरी पुन्हा उभा राहतो तो.”

आमची नर्स वैसिमा उठली. “साहेब, आम्ही उभेच आहोत. पडलंय ते छप्पर.”

साहेबांनी तिच्या जिज्ञासेचं कौतुक केलं आणि शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितलं. म्हातारे फिफिता म्हणाले, “माझी होडी फुटली, पण मी रेझिलियन्ट आहे.” टाळ्या पडल्या. त्यांची सून कालोलाइने पोटुशी होती, आठवा सरत आलेला. ती बसल्या बसल्या म्हणाली, “दवाखान्याला छप्पर नाही, पत्रे द्या.” साहेबांनी फार हळुवारपणे चूक दाखवली. व्याकरण निर्दोष आहे, पण या शब्दाच्या शेजारी ‘द्या’ हे क्रियापद शोभत नाही.

आम्ही मुळातच मन लावून शिकणारी माणसं. निरोपाला डुक्कर भाजलं, नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवली. साहेबांचे डोळे भरून आले. “एवढं गमावूनही हा पाहुणचार!” त्यांनी अहवाल धाडला की बेट शंभर टक्के रेझिलियन्ट आहे. (जे मासेमारीला गेले होते तेसुद्धा.) आता जो स्वतःच उभा राहतो त्याला आधार कशाला? आमच्यासाठी काढलेले पत्रे शेजारच्या बेटाला गेले. तिथल्या लोकांना तो शब्द नीट उच्चारताही आला नव्हता.

एका सकाळी कालोलाइनेला कळा सुरू झाल्या आणि पाऊसही. तिला चर्चपर्यंत न्यायला वेळ नव्हता, म्हणून बिनछपराच्या दवाखान्यातच चर्चच्या चार ज्येष्ठांनी तिच्यावर ताडपत्रीचे चार कोपरे धरले आणि मर्यादा म्हणून तोंडं समुद्राकडे केली. त्यामुळे मध्ये पाणी साचतंय, हे कुणाला दिसलं नाही. ते सगळं एकदम कालोलाइनेच्या अंगावर आलं.

“काय झालं गं?” फिफितांनी विचारलं.

“मागे वळायचं नाही!” वैसिमा गरजली.

“तो शब्दवाला मेला कुठाय?” कालोलाइने किंचाळली. “त्याला म्हणावं, ये आणि हा कोपरा धर!”

मुलगी झाली. पण ती रडेना. वैसिमा तिला चोळत राहिली, पालथी करत राहिली. आम्ही समुद्राकडे बघत उभे, आणि पावसाखेरीज कसलाच आवाज नाही. मग पोरगी रडली. तिच्यामागून वैसिमाही रडली, चिखलात बसून. तिला रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

कुणीतरी काढलेला त्या ताडपत्रीचा फोटो पुढे राजधानीच्या माहितीपत्रकावर झळकला. खाली ठळक अक्षरांत तोच शब्द.

वैसिमाने तो पाहिला आणि शाळेत आली. “मास्तर, साहेब पुन्हा तपासणीला येतायत ना?”

“पुढच्या बोटीने.”

“मग सगळ्यांनी नापास व्हायचं. एकानेही बरोबर उत्तर दिलं तर त्याची गाठ माझ्याशी.”

साहेब आले. त्यांनी फिफितांना शब्दाचा अर्थ विचारला.

“रेझि... मासा आहे का हो? भाजून खातात की कच्चा?”

कालोलाइने मुलीला मांडीवर घेऊन प्रत्येक प्रश्नाला फक्त “द्या” म्हणत होती. चर्चच्या ज्येष्ठांनी सामूहिक हंबरडा फोडला (तालमीपेक्षा बराच सरस). माझा हात सवयीने वर निघाला होता, पण वैसिमाने असा चिमटा काढला की मलाही रडणाऱ्यांत धरण्यात आलं.

साहेब खचले. एवढी मेहनत पाण्यात! जड अंतःकरणाने त्यांनी लिहिलं की बेट संपूर्ण हतबल आहे. लगेच पत्रे आले. खिळ्यांसकट. आता दवाखान्यात पावसाचा फक्त आवाज येतो.

तुमच्याबद्दलही आम्ही ऐकून आहोत. घरात गुडघाभर पाणी शिरतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही चपला हातात घेऊन कामावर हजर होता, आणि वर्तमानपत्रं तुमच्या जिद्दीला सलाम ठोकतात. ते कात्रण तुम्ही अभिमानाने नातेवाइकांना पाठवताही म्हणे. अभिनंदन. आमच्यासाठी निदान एक साहेब बोटीने पाठवावा लागला. तुम्ही तर घरच्या घरी शिकलात.