दोक-सूंचा घसा आणि व्याहीभेट

"या खेपेला आवाज कधी येणार, ते मी आत्ताच लिहून देतो!" मेंग दोक-सूंनी जेवणाच्या टेबलावर थाप मारून जाहीर केलं.

जाहीर केलं म्हणजे काय, संपलेल्या ट्यूबमधून टूथपेस्ट काढावी तसा एकेक शब्द पिळून काढला. 'लिहून' हा शब्द तर गळ्यातच बसला होता, त्याला दोनदा धक्का मारावा लागला! दोक-सूंच्या घशाचा आजारच असा होता. बोलायला तोंड उघडलं की स्वरतंतू एकमेकांना अशी मिठी मारायचे, जणू युद्धात ताटातूट झालेले भाऊ! मग सोलच्या मोठ्या इस्पितळात जाऊन मानेतून सुई खुपसून घ्यायची. सुईत बोटॉक्स. त्यानं तंतू ढिले पडतात. आधी इतके ढिले, की नुसती हवा बाहेर येते. मग हळूहळू छान, मोकळा आवाज. आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा मिठी!

"पहिला आठवडा कुजबुज," दोक-सू बोटांवर मोजत म्हणाले. "दुसरा जरा घोगरा. आणि तिसऱ्या शनिवारी, व्याह्यांसमोर, रेडिओ! अस्सल रेडिओ!"

त्यांच्या पत्नी ओक-जाबाई सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भावजींच्या साठीलासुद्धा रेडिओच लागणार होता," त्या म्हणाल्या. "काय झालं? भाषणभर आचके! सगळा हॉल म्हणाला, काय हे भावाचं प्रेम, बिचाऱ्याला हुंदका आवरत नाही! भावजींनी स्वतः येऊन तुमचे डोळे पुसले!"

"तेव्हा हिशोब चुकला. आता अनुभव आहे!"

"अहो, मग सरळ सांगून टाका ना त्यांना. आजार आहे, चोरी नाही केलीत."

"खबरदार!" दोक-सूंचा चेहरा पडला. "से-रिनच्या सासरी पहिली ओळख काय, तर तोंड उघडलं की गुदमरणारा बाप? उद्या म्हणतील, हे वंशात असेल!"

ओक-जाबाईंच्या हातातली मोडांची शेपटं जरा जोरानं तुटायला लागली.

खरं तर एकुलत्या एका मुलीबद्दल व्याह्यांना एकच गोष्ट सांगायची होती दोक-सूंना. बाकी गप्पा बायका मारतील. पण ती एक गोष्ट बापानं, बापाच्या आवाजात सांगायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "मेंग साहेब, घसा म्हणजे घड्याळ नव्हे. डोस तोच, सुई तीच, हातही माझाच. तरी निकाल दर वेळी वेगळा! मागच्या वेळी आठवड्यात आवाज आला, म्हणून या वेळी येईलच असं नाही."

दोक-सू हसले. डॉक्टर मंडळींना असं बोलावंच लागतं!

पहिला आठवडा कुजबुज. ठरल्याप्रमाणे! दुसरा आठवडाही कुजबुज. हे मात्र ठरलेलं नव्हतं. दोक-सू चोंगजूच्या एका मोटार शाळेत शिकवायचे, आणि गाडी शिकवणाऱ्याला दुसरं काही नसलं तरी चालतं, पण 'ब्रेक!' ओरडता यायला हवं! दोक-सू जीव तोडून म्हणायचे, "ब्रेक...", आणि ते प्रेमपत्र वाचल्यासारखं ऐकू यायचं. एका बाईंनी तर नम्रपणे कान पुढे केला, "काय म्हणालात सर?" आणि नम्रपणेच गाडी कुंपणात घातली! तेव्हापासून मालकांनी दोक-सूंना मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडायला लावलं.

तिसऱ्या आठवड्यात भावी जावई हान-ग्योल जेवायला आला. गुणी पोरगा! आल्या आल्या फोन से-रिनच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि ओक-जाबाईंचा एप्रन बांधून नाशपाती सोलायला बसला. दोक-सूंना भरून आलं. त्यांनी खाकरून पाहिलं. हवेत थोडा आवाज मिसळल्यासारखा वाटला. आलाच की! आता व्याह्यांना फोन करून शनिवारचं पक्कं करायला काय हरकत?

ते गुपचूप बाल्कनीत गेले, किमचीच्या लोणच्याच्या फ्रिजला टेकून उभे राहिले आणि नंबर लावला. फोन विहीणबाईंनी उचलला.

"नमस्कार," दोक-सूंच्या तोंडून वारा वाहिला. "तुमचा मुलगा... आमच्याकडे आहे."

"कोण? कोण बोलतंय?"

आता, ढिल्या तंतूंचा एक तोटा असा, की तीन शब्दांत छातीतली सगळी हवा संपते. नाव सांगायचं राहून गेलं, हे दोक-सूंच्या लक्षात आलं. पण हातात वाक्य होतं, ते आधी पुरं करावं म्हटलं!

"काळजी करू नका... आम्ही त्याला नीट... ठेवलंय..." एक दीर्घ श्वास. "शनिवारी दुपारी... ठरल्या जागी या... दोघंच या... बाकी कुणाला... आणू नका..."

टेबल दोन्ही घरचे आईबाप आणि ही दोन मुलं, एवढ्यांपुरतंच मिळालं होतं. तेच त्यांना सांगायचं होतं!

पलीकडे एक किंकाळी. फोन बंद.

"काय झालं?" ओक-जाबाईंनी बाल्कनीत डोकावून विचारलं.

"खूश झाल्या," दोक-सू कुजबुजले.

विहीणबाईंनी आधी मुलाला फोन लावला. तो चार्जिंगला! नवऱ्याला हाका मारल्या, तर तो टीव्हीपुढे. मग त्यांनी पोलिसांना फोन केला. आजकाल फोनवरून फसवणाऱ्यांचा इतका सुळसुळाट, की पोलीसही तयारच असतात! फळं खाऊन होईतो दारात दोन हवालदार उभे.

"या नंबरवरून खंडणीचा फोन गेलाय," थोरला हवालदार म्हणाला. "फोन कोणी केला?"

"मी," दोक-सू कुजबुजले. "मी... समजावून... सांगतो..."

"हाच आवाज!" धाकटा ओरडला. "अगदी वर्णनाप्रमाणे!"

"आणि ओलीस कुठाय?"

ओलीस स्वयंपाकघरातून बाहेर आला, एप्रन बांधलेला, हातात चहाचा ट्रे.

"साहेब, तुम्ही पण घेणार का थोडा?" हान-ग्योलनं विचारलं.

हवालदार गेले. मग से-रिन म्हणाली, "बाबा, आता तरी खरं सांगू या."

"सर्दी सांग," दोक-सू म्हणाले.

"सर्दी? बाबा, सर्दीनं कुणाच्या घरी पोलीस येतात?"

"सर्दी!" हा उद्गार होता, पण ऐकायला उसाशासारखा वाटला.

शनिवार उजाडला. दोक-सूंनी आरशासमोर उभं राहून "आ" केलं. नुसती वाफ! ओक-जाबाईंनी टाय बांधता बांधता ताकीद दिली, "आज तुम्ही फक्त हसायचं. आणि सूप पिताना हनुवटी खाली. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

उपाहारगृहात स्वतंत्र खोली होती. व्याही, युक साहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बसलेसुद्धा सावधान! शेजारी विहीणबाई, कालपरवाच्या प्रकारानं ओशाळलेल्या. मुलं टेबलाच्या टोकाला.

"सर्दी कशी आहे आता?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," दोक-सू कुजबुजले.

कुजबुज मोठी संसर्गजन्य! कोणी दबक्या आवाजात बोललं, की समोरच्याचाही आवाज आपोआप बसतो. विहीणबाई कुजबुजल्या, "थंडी फार पडलीय." ओक-जाबाई कुजबुजल्या, "भाज्या महागल्यात." वाढायला आलेल्या मुलीनं हे पाहिलं आणि बिचारी चवड्यांवर चालायला लागली. ताटल्या ठेवताना कानात सांगायची, "हे मशरूमचं आहे." लग्नाची बोलणी चाललीत की बँक लुटायची, काही कळेना!

फक्त सुभेदारांचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा. आणि दोक-सू जे म्हणतील त्याला ते जोरदार मान हलवत होते. माणूस मनमिळाऊ आहे, दोक-सूंना वाटलं.

"तर मग लग्न कधी करायचं, व्याही?" सुभेदार गरजले.

"मुलांनाच... ठरवू दे," दोक-सू म्हणाले.

"मेमध्येच ठरवू? उत्तम! ठरलं!" सुभेदारांनी टेबलावर मूठ आपटली. "मे महिना!"

से-रिन आणि हान-ग्योल एकमेकांकडे बघतच राहिले. त्यांनी ऑक्टोबरसाठी हॉल बघून ठेवला होता!

"नाही, नाही..." म्हणायला दोक-सूंनी घाईनं तोंड उघडलं, तेव्हा तोंडात सूप होतं. हनुवटी होती वर. सूप चुकीच्या वाटेनं गेलं. मग जो ठसका लागला, तो काही केल्या थांबेना! चेहरा लाल, मग जांभळा. सुभेदारांनी उठून पाठीत असे गुद्दे घातले, की दोक-सूंचा टाय त्यांच्याच भातात बुडाला.

विहीणबाईंचा धीर सुटला. "ही सर्दी नव्हे! खरं सांगा, काही मोठं दुखणं आहे का? आमच्यापासून लपवताय का?"

"नाही हो आई!" से-रिनच्या तोंडून निघून गेलं. "बाबांनी बोटॉक्स घेतलंय!"

विहीणबाईंनी दोक-सूंच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळावर आठ्या अशा होत्या, जणू नांगरलेलं शेत! त्यांनी डोळ्यांच्या कडा पाहिल्या. गाल पाहिले. पुन्हा कपाळ पाहिलं.

"कुठे?" त्यांनी हळूच विचारलं. आणि मग, अगदी सहानुभूतीनं: "कुठल्या दवाखान्यात घेतलंत तेवढं सांगा. म्हणजे आम्ही तिथे जायला नको."

ओक-जाबाईंना हसू फुटलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं असावं, कारण ते थांबेना. मग त्यांनीच सगळं सांगितलं. तंतूंची मिठी, सुई, कधी आठवड्यात येणारा तर कधी महिनाभर रुसणारा आवाज, फोन, सगळं. दोक-सू मान खाली घालून टायवरची शितं वेचत होते.

"इतकंच?" विहीणबाई म्हणाल्या. "अहो, मग आधी सांगायचं नाही का! मी त्या दिवसापासून गोळी घेऊन झोपतेय!" आणि त्यांनी स्वतःच्या ताटलीतला भाजलेला मासा काटे काढून दोक-सूंच्या ताटलीत ठेवला.

जेवणं झाल्यावर बायका आणि मुलं दाराशी फोटो काढत राहिली. सुभेदारांनी दोक-सूंना हाताला धरून गाड्यांपाशी नेलं. इकडे तिकडे पाहिलं.

"व्याही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "आत काय बोलणं झालं हो? मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तोफखान्यात नोकरी झाली. डावा कान गेलाच, उजवाही जायला लागलाय. यंत्र लाव म्हणून बायको मागे लागते, पण म्हटलं, पहिल्याच भेटीत मुलीकडच्यांना कशाला दाखवा? मे महिना तुम्हीच म्हणालात ना?"

दोक-सू बघतच राहिले. सबंध जेवणभर एक बोलत नव्हता आणि एक ऐकत नव्हता, आणि दोघांना वाटत होतं, काय छान जमतंय! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हीच वेळ! ते सुभेदारांच्या उजव्या कानाशी गेले, छाती भरून हवा घेतली आणि इतके दिवस मनात घोळवलेलं ते सगळं ओतलं.

"पोरगी... हट्टी आहे. पण मनानं... निर्मळ. जरा... सांभाळून घ्या."

सुभेदारांनी जोरदार मान हलवली. मग त्यांनी दोक-सूंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, कमरेत वाकून नमस्कार केला, काहीतरी ठणकावून सांगितलं आणि गाडीत बसले.

परत येताना ओक-जाबाईंनी विचारलं, "काय हो, सांगितलंत का शेवटी से-रिनबद्दल?"

दोक-सूंनी मान हलवली.

"काय म्हणाले मग?"

दोक-सूंनी खिडकीबाहेर पाहिलं. सांगायला त्यांना तीन वेळा श्वास घ्यावा लागला.

"म्हणाले... मोटार शाळेतल्या माणसाचा सल्ला... मी मोडणार नाही. अगदी सांभाळून घेतो... आणि वळणावर... हॉर्न देतो."