संगणकाला गरम होऊ नये म्हणून

कापसाचे भाव पडले त्या वर्षी संकटाची सखोल चौकशी झाली आणि दोष घरोघरच्या जुन्या संगणकांचा निघाला. खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा तर आधी टोकन, आणि टोकन फक्त नव्या सिस्टिमच्या संगणकावरच, असा आदेश सुटला. ज्यांच्याकडे संगणकच नव्हता, त्यांचा प्रश्न आपोआप निकाली निघाला.

मारेगावजवळच्या सदाशिवरावांकडे मात्र संगणक होता. लेक प्रेरणा सासरी गेल्यापासून तो आतल्या खोलीत क्रोशाचा रुमाल पांघरून बसला होता. त्याच खोलीत वर्षाचा सगळा कापूस आढ्यापर्यंत रचलेला. सदाशिवराव आणि त्यांची बायको तानाबाई दोघेही अंग खाजवून हैराण झाले होते. कापूस विकल्याशिवाय ना खाज जाणार होती, ना घरात पैसा येणार होता.

संगणक दुरुस्त करणारा रवी यवतमाळहून आला. नवी सिस्टिम चढवायला लावून त्याने डब्यावर हात ठेवला.

"काका, मशीन लय तापून राह्यली. तापली का बंद, बंद पडली का पुन्हा पहिल्यापासून. थंड ठेवा लागते."

"मंग कूलर लावू?"

"लावा ना."

पौषाची थंडी होती. माळ्यावरचा कूलर खाली आला, त्याला वाळ्याची नवी ताटी बसली, टाकी काठोकाठ भरली. तानाबाई गोधडी गुंडाळून दारात बसली.

"अवो, आपण कुडकुडून राह्यलो अन् त्या डब्याले काहून हवा घालता?"

"गप वं! त्याले गरम झालं तं कापूस घरातच सडन."

पडद्यावर 'संगणक बंद करू नका' अशी ताकीद होती. ती भारनियमनाला कळवण्याची सोय नव्हती. वीज गेली की सिस्टिम पुन्हा पहिल्यापासून, वीज आली की कूलर पुन्हा सुरू. असा आठवडा गेला आणि एकदाचे टोकन निघाले. तालुक्यातले पहिलेच! तहसीलदार साहेब जातीने आले. संगणक, कूलर, मागे पांढराशुभ्र ढीग आणि पुढे कानटोपीतले सदाशिवराव, असा फोटो काढून गेले.

केंद्रावर मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसले.

"ओला हाये. परत न्या."

"ओला? पावसाचा थेंब नाई पडला, साहेब!"

ग्रेडरने मूठभर कापूस नाकाशी नेला. "याले वाळ्याचा वास काहून येते?"

सदाशिवरावांना भर गर्दीत रडू आले. डोळे पुसत ते म्हणाले, "वाळवून उद्याच आणतो."

"आणा. पण टोकन नवं लागन. अन् उद्यापासून सिस्टिम याच्याहून नवी हाये."

तो फोटो मात्र गाजला. तुमच्याही फोनवर आला होता. 'आपला शेतकरी आता मागे नाही' असे लिहून तुम्ही तो चार जणांना पाठवलात. फोटोतल्या कापसाचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहून गेले. तुमच्या अंगावर सुती सदरा होता, आणि तो कोरडा होता.