तोफ नसलेली गाडी

टोकावड्यात आमच्या शेजारी राहणारे धोंडूभाऊ पाहुण्याला नमस्कार करण्याआधी त्याच्या गाडीचे टायर अंगठ्याने दाबून बघतात. मुलांनो, मागच्या वेळी तुमचे बाबा आले, तेव्हा चारही टायर तपासून होईपर्यंत ते मिठाईचा पुडा धरून अंगणात उभे होते. "हवा जास्त हाय," असा निकाल आधी मिळाला, आणि मग, "बरं हाय ना?"

धोंडूभाऊ सैन्यात आठ चाकांच्या चिलखती गाडीचे ड्रायव्हर होते. पट्ट्यांवर चालणाऱ्या रणगाड्यांचा त्यांना मनापासून राग. "तो नवरदेव, बाई! लांब जायचं तर त्याला दुसऱ्या गाडीवर बसवून मिरवत न्यावा लागतो. आमची आपल्या पायानं जायची. दोन चाकं उडाली तरी थांबायची नाय." आधी लोकांनी साध्या मोटारीवर पोलादी पत्रे ठोकले, ती वजनाने रुतली, म्हणून चाकं वाढत गेली, हा इतिहास ते दूधवाल्यालाही ऐकवतात.

यंदा सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीसाठी त्यांनी जुन्या टेम्पोला पत्रे ठोकून तशीच गाडी उभी केली. चार चाकं टेम्पोची, चार नुसती टांगलेली. सरपंच बघायला आला. तो माझा जुना विद्यार्थी.

"आबा, तोफ कुठाय? पाइप देतो, लावा."

"नाय लावणार."

"अवो, लोक पाण्याचा टँकर समजतील! हंडे घेऊन धावतील!"

"धावू दे."

"मग गाडी मिरवणुकीत नाय."

सव्वीसच्या सकाळी धोंडूभाऊंनी गाडी शाळेच्या फाटकासमोर आडवी लावली आणि इंजिन चालू ठेवून आत बसले. "कोण हटवतो बघू!" लेझीमची पोरं खोळंबली. सरपंचाने मला गळ घातली, "बाई, तुमचंच ऐकतील."

मी गेले. गाडीचं मागचं दार उघडं होतं. आत दोन स्ट्रेचर बांधलेली, त्यांवर धुतलेल्या चादरी आणि कोपऱ्यात पाण्याचा तांब्या.

"जवान पोचवून परतताना आमी जखमी आणायचो," सीटवरून न वळता ते म्हणाले. "पोटात गोळी असली तर पाणी द्यायचं नाय, असा हुकूम. एक पोर सारखा मागत व्हता. मी नाय दिलं. हुकूम बरोबरच व्हता, बाई. पण पोर वाटेतच गेला."

मी सरपंचाला सांगितलं, ही गाडी अशीच जाईल, आणि सगळ्यांच्या पुढे जाईल. मग पदर खोचून ड्रायव्हरशेजारी चढले.

सगळी वाट त्यांनी पहिल्याच गियरवर कापली. पोरं ओरडत होती, "आबा, पळवा की!" खड्डा आला की ते अलगद ब्रेक दाबत, आणि मान जराशी मागे, रिकाम्या स्ट्रेचरांकडे वळवून हळूच म्हणत, "आलंच रे आता. आलंच."