मंद्रूप गणाचा एबी फॉर्म मुदतीत दाखल जाहला त्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वराचे पायी मस्तक ठेवून आणि आचारसंहितेस दुरूनच मुजरा करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. मौजे मंद्रूप, तालुके दक्षिण सोलापूर, येथील राजमान्य राजेश्री नागप्पा यांणी पंचायत समितीचे निवडणुकीत पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हा इसम आमचाच उमेदवार असे सांगणारा सहीचा कागद, कोणत्या शर्थीने पैदा केला, ते पुढिलांस ठाऊक असावे. घडले तेच लिहिले, पदरचे मीठ फक्त चवीपुरते घातले.

नागप्पा हे पक्षाचे बावीस वर्षांचे एकनिष्ठ शिलेदार. त्यांणी सभेच्या सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या, आणि मग भोंगे बांधिले, आणि मग त्या भोंग्यांतून आमदार दादांचे नावाचा जयघोष केला, आणि निवडणूक दिल्लीची असो, मुंबईची असो की गावच्या सोसायटीची, समोरच्या पक्षाचे नाव निघताच आधी थुंकले आणि मगच बोलले. मतदानाचे यंत्रावर दुसऱ्याचे नाव कितवे आहे हे लोकांस सांगण्यातच हयात सरली. एकदा तरी त्या यंत्रावर आपले नाव पाहावे, इतकीच मनीषा. अखेर जिल्ह्याचे धनी, आमदार श्रीमंत शिवराजदादा कृपावंत जाहले, आणि मुदतीचे अखेरच्या दिवशी, सकाळी साडेदहास, फॉर्माचा लाखोटा मंद्रूपी पोहोचला.

मुदत दुपारी तीनची, कचेरी गावातच, पायी पाच मिनिटांवर. उमेदवारीचा अर्ज कुटुंब गुरम्माबाई यांणी आदल्याच दिवशी सुवाच्य भरून ठेविला होता. फक्त पक्षाचा रकाना कोरा ठेविला, म्हणाल्या, उगाच खोडाखोड नको. इतकी सोपी मोहीम कोणा सरदाराचे वाट्यास आली नसेल. परंतु घरात मातोश्री होत्या.

मातोश्री निंगव्वा यांचा रिवाज ऐसा, की घरात नवी चीज आली की तीस भस्माचे तीन पट्टे ओढल्याखेरीज वापरावयाची नाही. ट्रॅक्टरास ओढिले, विजेचे मीटरास ओढिले, सुनेच्या शिलाई मशीनसही ओढिले, आणि त्या सर्व चिजा आजतागायत चालू आहेत. नागप्पा फॉर्म देव्हाऱ्यापुढे ठेवून स्नानास गेले, आणि मातोश्रींनी भस्म पाण्यात कालविले, आणि छापील अक्षर झाकू नये इतका विवेक करून खाली मोकळी जागा शोधिली. तेथे दादांची शाईची सही होती. पण दादांची सही म्हणजे दोन वाकड्या रेघा. मातोश्रींस ते पेन झटकल्याचे डाग वाटले, आणि त्यांणी तीन ओली बोटे नेमकी तेथेच फिरविली.

नागप्पा अंग पुसत आले तो सहीचा निळा ओघळ भस्मातून खाली उतरत होता. मातोश्री म्हणाल्या, "तसाच नेत हुतास व्हय? आता देवाचा झाला की त्यो."

कचेरीत विचारणा केली तो जाब आला, की सही दिसली पाहिजे, भस्म चालणार नाही. मग गुरम्माबाईंनी उंबऱ्यातूनच फर्मान काढिले, "आवो, बघत काय ऱ्हायलाय? जावा की सोलापूरला, दुसरा आना."

साडेअकरास नागप्पांनी मेहुणे गुंडा यांसह मोटारसायकलीवर कूच केले. वडकबाळचे पुलावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकास दोन दोन ट्रॉल्या, असा तळ देऊन बसले होते की मुंगीस वाट नव्हती. मग गुंडांनी गाडी कठड्यास घासत ढकलीत नेली, आणि नागप्पा पुढे चालून ट्रॅक्टरवाल्यांस हात जोडीत गेले, आणि पाऊण वाजता होटगी रोडावर दादांचे बंगल्यापुढे दाखल जाहले.

पाहतात तो निशाण बदललेले. दादांनी बारा वाजता जुना पक्ष सोडिला होता आणि साडेबारास नवा धरिला होता, आणि नवा म्हणजे तोच, ज्याचे नावे नागप्पा बावीस वर्षे थुंकत आले. ऐन वेळी तोंडात तंबाखूचा बार होता आणि पुढ्यात नव्या पक्षाचे गालिचे होते. नागप्पांनी गिळिला.

मग सत्कार जाहले, आणि मग वाहिन्यांस मुलाखती जाहल्या, आणि मग दादांनी सांगितले की आपण गेली कैक वर्षे मनाने याच पक्षात होतो. घड्याळात दोन वाजले. गुंडा दर पाच मिनिटांनी वेळ सांगत. दोन वाजून पाच मिनिटांनी हुजुरात वर्दी लागली.

दादा म्हणाले, "जुना फॉर्म? फाड त्यो. नवा घे. हितं फॉर्म लई हायेत, मानसंच कमी पडाया लागल्यात."

परंतु उमेदवारांची नावे लिहिणारा कारकून जुन्याच पक्षात राहून गेला होता. म्हणून दादांनी स्वहस्ते लेखणी उचलिली, आणि कागदावर टेकविली, आणि लेखणी तेथेच थांबली.

"नाव काय लिहू?"

"मंद्रूप, दादा."

"गाव न्हवं रे. तुजं नाव."

बावीस वर्षे दादा त्यांस "ए मंद्रूप" अशीच हाक मारीत. ए मंद्रूप, पाणी आण. ए मंद्रूप, माईक बघ. नागप्पांस ते लाडाचे नाव वाटे, घरी येऊन कौतुकाने सांगतही. आता उमगले, की दादांस दुसरे नाव ठाऊकच नव्हते. फार वाईट वाटले. डोळे भरून आले आणि घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे जाहली होती.

मग ज्या आवाजात भोंग्यातून दादांचे नाव घेतले, त्याच आवाजात नागप्पा बोलले, "लिवा दादा. नागप्पा चनबसप्पा बिराजदार." दालनातले लोक वळून पाहू लागले. दादांनी निमूट लिहिले आणि खाली दोन वाकड्या रेघा ओढिल्या.

परतीची मजल कशी मारिली ते गुंडांसच ठाऊक. नागप्पांनी पूल येताच डोळे मिटिले होते. तीनास सात मिनिटे कमी असता कचेरीचे फाटकी पोहोचले, तो आपलेच लोक जुन्या पक्षाचे नावाने घोषणा देत उभे. गुंडांनी गाडीवरूनच नवा पक्ष सांगितला. लोकांनी एक श्वास घेतला आणि पक्ष बदलून तीच घोषणा पुढे चालविली. फाटकाशी मातोश्री भस्माची वाटी घेऊन तिष्ठत होत्या. नागप्पांनी फॉर्म बनियनचे आत सारिला आणि कपाळ पुढे केले.

गुरम्माबाई अर्ज घेऊन उभ्या होत्या. कोरा रकाना दाखवून विचारिते जाहल्या, "आता ह्यात काय लिवू?" नागप्पांनी सांगितले. बाईंनी एकवार नवऱ्याकडे पाहिले आणि लिहिले.

दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी एबी फॉर्मासह अर्ज दाखल जाहला, त्याची पोहोच मिळाली, फत्ते जाहली, सबब येथे नोंद केली असे. आमचे दप्तरी उमेदवाराचे संपूर्ण नाव, बापाचे नावासह, पक्क्या शाईने लिहिले आहे. पक्षाचे नाव शिसपेन्सिलीने.