गजूभाऊंचा भांडवली खर्च

चांदूर रेल्वेला आमच्या शेजारच्या गजूभाऊंकडे गेलात, तर बसायला खुर्ची मिळेल, चहा मिळणार नाही. खुर्ची भांडवली खर्च, चहा चालू खर्च. वर्षानुवर्षं कामी येतं त्यावर पैसा घालावा, पोटात जाऊन संपतं त्यावर घालू नये, असा त्यांचा कायदा.

यात पाप माझं. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. शेजारधर्म म्हणून एकदा त्यांना भांडवली खर्च समजावून सांगितला आणि गजूभाऊ जे पेटले ते पेटलेच. घरची बकरी म्हातारी होऊन मेली, पण त्यांनी तिचं मटण होऊ दिलं नाही.

त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नकार्याला मांडव, गाद्या, खुर्च्या भाड्यानं देतात. शंभर नव्या खुर्च्या आणल्या आणि प्लॅस्टिकसकट दुकानात रचून ठेवल्या. भाड्यानं जायच्या त्या जुन्याच. एका लग्नात नवरदेवाचा बाप खुर्चीसकट आडवा झाला.

"अहो, नव्या द्यायच्या होत्या!" मी म्हटलं.

"काहून? झिजून जातीन ना मास्तर! मंग भांडवल कायचं?"

"आणि ते व्याही पडले त्याचं काय?"

"थे चालू खर्चात."

त्या वर्षांत कापूस गेला, संत्र्याच्या बागा वाळल्या, लग्नं देवळात दहा माणसांत उरकू लागली. जी काही मोठी व्हायची, ती लोडशेडिंगमुळे जनरेटरवाल्याकडे जायची. जनरेटर आला नाही तर गजूभाऊंचं दुकान बंद, हे उघड होतं. दोन वर्षं पैसे साठवून ते अमरावतीला निघाले. सोबत सिंधूवहिनी. मांडवाच्या झालरी त्याच शिवायच्या आणि हल्ली शिवण वाकडी जायची. मला वाटलं, कापड घ्यायचं असेल.

तिसऱ्या दिवशी दोघं परतले. जनरेटर नव्हता. वहिनींच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतीबिंदू काढून आणला होता.

मी चिडलोच. "आता दुकान कसं चालवाल? आणि हा काही भांडवली खर्च नाही बरं!"

"मले नका शिकवू मास्तर!" गजूभाऊ माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "थे घरात भिंत चाचपून राहिली, अन् मी जनरेटर पाहू काय?"

वहिनींनी चष्मा वर केला आणि नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी एवढे बुढे कवा झाले जी?"

"तुले दिसत नोतं ना, तेवढ्यात झालो."

गजूभाऊंनी हसू आणलं खरं, पण ते रडत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.